घरगुती खाद्यविक्रीसाठीची सल्लासेवा: नोंदणीसाठी नको, लेबलसाठी अवश्य

विलेपार्ले पूर्वेला घरून दिवाळीचा फराळ आणि दुपारचे डबे विकायला सुरुवात करण्यापूर्वी कायदेशीर बाबी पूर्ण करून घेण्यासाठी आम्ही उपनगरातील एका खाजगी सल्लासेवेचे साहाय्य घेतले. तिच्या दोन कामांची प्रत इतकी वेगवेगळी निघाली की दोन्हींना एकच अभिप्राय देणे योग्य होणार नाही.

पहिले काम नोंदणीचे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 घरातून विक्री करणाऱ्यालाही लागू होतो. आम्ही अर्ज केला तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असल्यास परवाना लागत नसे, नुसती नोंदणी पुरत असे आणि तिचे सरकारी शुल्क वर्षाला 100 रुपये होते. फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून छायाचित्र व ओळखपत्र जोडणे, एवढ्याच कामासाठी या सेवेने शुल्काच्या कितीतरी पट रक्कम आकारली. शिवाय पावतीवर सरकारी शुल्क आणि स्वतःचा मोबदला वेगवेगळा दाखवला नाही. त्याहूनही खटकले ते असे, की व्यवसायाचा प्रकार निवडताना त्यांनी फक्त फराळाचे उत्पादन नोंदवले होते. डबे देणाऱ्यांसाठी त्याच यादीत घरगुती खाणावळ व डबेवाले असा स्वतंत्र प्रकार आहे; आम्ही तो दाखवून दिल्यावरच अर्जात आला. चौदा अंकी क्रमांक मिळाला, पण हे काम घरबसल्या कोणालाही जमण्यासारखे आहे.

लेबलच्या बाबतीत मात्र या मंडळींची जाण वाखाणण्यासारखी आहे. आमच्याकडे आलेल्या ताईंनी चकलीचे पाकीट हातात घेऊन घटकांची यादी आधी वजनाप्रमाणे लावायला सांगितली, कारण घटक उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक आहे. पुष्कळ घरगुती पाकिटांवर तेल शेवटी, मिठाच्याही नंतर छापलेले असते. तळलेल्या चकलीत ते किती शिरते हे ठाऊक असणाऱ्याला त्या यादीचे हसूच येईल. भाजणीत गहू असल्यास त्याचा आणि चिवड्यातील शेंगदाण्यांचा ॲलर्जीच्या दृष्टीने स्वतंत्र उल्लेख, हिरव्या चौकटीतील हिरवा गोल, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची व वापराची अंतिम तारीख, नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक, हे सारे त्यांनी छोट्या पाकिटावरही वाचता येईल अशा बेताने बसवून दिले. 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही हा क्रमांक द्यावा लागतो, याची आठवणही त्यांनीच करून दिली. या कामाचे पैसे देताना आम्हाला जड गेले नाही.

स्वयंपाकघराच्या पाहणीसाठी वेगळे पैसे पडतात, तेही रास्त वाटले. याच कायद्याखालील परवाना व नोंदणीच्या 2011 च्या नियमावलीतील अनुसूची 4 मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. त्या समोर ठेवून ताईंनी पिण्याच्या पाण्याची टाकी, कचऱ्याच्या डब्याचे झाकण आणि ओट्याखाली फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेला बेसनाचा डबा, असे सगळे तपासले. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तळणासाठी वापरता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. ते प्रमाण मोजण्याचे उपकरण मात्र त्यांच्याजवळ नव्हते. पाहणीचे पैसे घेणाऱ्या सेवेने ते जवळ बाळगायला हवे.