मेट्रॉइड आधी की सायमन्स क्वेस्ट? भाच्याला दिलेलं लांबलचक उत्तर

हॉलो नाइट हा वाट शोधत भटकायचा व्हिडिओ गेम संपवलेला माणूस कधी ना कधी मागे वळतोच. हे सगळं सुरू कुठून झालं, ते बघावंसं वाटतं. गेल्या दिवाळीत माझा भाचा त्याच वळणावर होता. म्हणाला, "मामा, मेट्रॉइड आधी खेळू की सायमन्स क्वेस्ट?" मी विचारलं, "चौकटीची वही आहे का घरात?" त्याला वाटलं, मी विषय बदलतोय.

दोन्ही गेम मुळात जपानमधल्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम-मशीनला जोडायच्या डिस्क सिस्टिमचे. मेट्रॉइड ऑगस्ट १९८६चा, निन्टेंडोचा. कॅसलव्हेनिया २: सायमन्स क्वेस्ट ऑगस्ट १९८७चा, कोनामीचा. अमेरिकेत एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्या तिकडच्या अवतारावर, ते १९८७ आणि १९८८ साली पोचले. दोन्हींत बाजूने दिसणारं जग, दोन्हींत उड्या, दोन्हींत हवं तसं मागे-पुढे फिरायची मोकळीक. आणि दोन्हींवर आज शिक्का एकच: 'गाइड उघडल्याशिवाय खेळताच येत नाही.' माझ्या मते हा शिक्का एकाला अर्धामुर्धा लागू पडतो आणि दुसऱ्याला पुरता. पण ज्याला पुरता लागू पडतो तो टाकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही.

जुन्या गेमला आजची फूटपट्टी लावावी का, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझी कसोटी साधी आहे. अडलास, तासभर डोकं खाजवलंस, शेवटी उत्तर शोधलंस. ते वाचून कपाळावर हात गेला तर तो कशासाठी गेला? 'अरे, हे मला सुचायला हवं होतं' म्हणून, की 'हे कुणाच्या बापाला सुचलं असतं?' म्हणून? पहिलं असेल तर गेम गूढ आहे. दुसरं असेल तर सांगणाऱ्याला नीट सांगता आलेलं नाही. ही कसोटी १९८६ला जशी लागू होती तशीच आजही आहे.

मेट्रॉइडचं पहिलं मिनिट बघा. भाच्याने कंट्रोलर हातात घेतला आणि सवयीने उजवीकडे निघाला. वर्षभरापूर्वीच्या सुपर मारिओ ब्रदर्सने साऱ्या जगाला तेच शिकवलं होतं: उजवीकडे चालत राहा, मागे पडदा सरकतच नाही. इथे थोडं पुढे गेलं की एक बुटकी फट येते. सॅमसला, म्हणजे आपण चालवतो त्या पात्राला, वाकता येत नाही, रांगता येत नाही. उडी मारून बघितली, गोळ्या झाडून बघितल्या, काही नाही. नाइलाजाने तो मागे फिरला, जिथून सुरुवात केली त्याच्याही डावीकडे गेला, आणि तिथे एका चौथऱ्यावर ती वस्तू होती जिच्यामुळे सॅमसचा चेंडू होतो. मग परत उजवीकडे, फटीतून घरंगळत पलीकडे. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. तरी तो एक गोष्ट शिकला: इथे मागे जाता येतं, आणि अडलं की मागे जायचं. आजचे कितीतरी गेम याच गोष्टीसाठी बाण दाखवतात, चौकट उघडतात, वर 'समजलं का?' म्हणून बटणही दाबायला लावतात.

पुढे मात्र चकवा लागतो. हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. रानात माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच झाडापाशी येतो, तसं ब्रिन्स्टार आणि नॉर्फेअर या गेममधल्या भागांत होतं. जागा वाचवायला त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा वापरल्या आहेत. उंच विहिरीसारखी एक जागा, तिला दोन्ही बाजूंना दारं. दारातून आत गेलास की लांब बोळ, बोळाच्या टोकाला पुन्हा तशीच विहीर. नकाशा नाही. भाच्याच्या वहीत एकच विहीर तीन वेळा काढलेली सापडली, तिसऱ्यांदा शेजारी प्रश्नचिन्ह. पण एकदा कळलं, की ओळखायची खूण रंग नसून दारांची संख्या आहे, की वही बरोबर जमायला लागते. बॉम्ब टाकून फुटणाऱ्या विटांचंही तसंच. कधी काही विटा उगाच लपवलेल्या वाटतात, पण 'बोळ बंद आहे, म्हणजे इथे काहीतरी असणार' हा संशय बऱ्याचदा खरा ठरतो. नकाशा नसणं हा मी दोष धरत नाही. तो काढणं हाच तर खेळ आहे.

दोष दुसरे आहेत, आणि त्यांना 'त्या काळी असंच असायचं' म्हणून सूट देऊ नये. मेलास आणि पुन्हा सुरू केलंस, की अंगात जीव ३० गुण. तू जीव वाढवणारे सहा एनर्जी टँक गोळा केले असलेस तरी ३०च. मग काय करायचं? जमिनीतल्या नळीपाशी उभं राहायचं. नळीतून एक किडा वर येतो, त्याला मारायचं, कधी पाच गुण मिळतात, कधी काहीच नाही. पुढचा किडा. पुन्हा पुढचा. शंभर जमायलाच बराच वेळ जातो. यात कोडंही नाही न् कसबही नाही, नुसतं दळण आहे. दुसरा दोष पासवर्डचा. जपानी डिस्कवर सेव्ह होत असे. एनईएसच्या कॅसेटवर त्याऐवजी २४ अक्षरांचा पासवर्ड आला, त्यात मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, सगळंच. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा वहीत लिहिलेला माझाच शून्य आणि माझाच ओ मला वेगळे ओळखता आले नाहीत, आणि एक अख्खी रविवारची दुपार पाण्यात गेली. आज एम्युलेटरच्या, म्हणजे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेव्हने हे दोन्ही सुटतं. तिथे सोवळं पाळायची गरज नाही. बिनधास्त सेव्ह कर.

आता सायमन्स क्वेस्ट. ड्रॅक्युला मेला, पण मरताना सायमनला, म्हणजे गेमच्या नायकाला, शाप देऊन गेला. त्याचे अवशेष पाच वाड्यांतून गोळा करायचे: बरगडी, काळीज, डोळा, नख आणि अंगठी. वाड्यांच्या मध्ये गावं, रानं, दलदली. गावात माणसं भेटतात आणि बोलतात. मेट्रॉइडमध्ये कुणीच काही सांगत नाही. इथे सगळेच सांगतात, आणि घोळ तिथेच आहे. काही गावकरी मुद्दाम खोटं बोलतात. ही मूळ कल्पना मला आवडते. शापित मुलुखात सगळे खरं का बोलतील? पण खोट्याची मजा तेव्हाच, जेव्हा खरं ओळखण्याची काही सोय असते. इंग्रजी भाषांतरात खरंही इतकं अडखळतं की ते आणि खोटं एकाच रांगेत बसतात.

डेबोरा कड्याचंच घ्या. रस्ता संपतो, समोर दगडाची भिंत. एक गावकरी सांगतो, कड्यावर डोकं आपट, भोक पडेल. ही थाप. दुसरीकडे सूचना मिळते, की लाल स्फटिक घेऊन कड्यापाशी आत्म्याची वाट बघ. ही खरी. करायचं काय असतं? लाल स्फटिक निवडायचा, भिंतीजवळ गुडघे टेकायचे, आणि तसंच काही सेकंद बसून राहायचं. मग वावटळ येते आणि सायमनला उचलून पलीकडे नेते. गुडघ्याचा उल्लेख नाही, वावटळीचा उल्लेख नाही, आणि आत्मा तर कुठेच येत नाही. हे उत्तर वाचून कुणी 'मला सुचायला हवं होतं' म्हणेल, असं मला वाटत नाही. ज्यांना सुचलं त्यांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं.

आणि ते सांगणारं जग तेव्हा होतं, हे विसरून चालत नाही. अमेरिकेत १९८८ साली निन्टेंडो पॉवर हे नियतकालिक सुरू झालं आणि त्याच्या दुसऱ्याच अंकाच्या मुखपृष्ठावर सायमन होता. फोन करून विचारायची सोय होती. शाळेतली पोरं होती. म्हणजे अर्धा गेम कॅसेटमध्ये आणि अर्धा बाहेर. आपल्याकडे नव्वदीत फॅमिकॉमच्या नकली मशीन आल्या, तेव्हा तो बाहेरचा अर्धा आलाच नाही. आमच्या गल्लीत कॅसेटबरोबर पुस्तिका सोडाच, कागदाचा चिटोराही येत नसे. एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम, त्यातले मारिओ आणि कॉन्ट्रा कळायचे कारण त्यांत सांगण्यासारखं काही नव्हतंच. जो गेम पाच मिनिटांत कळला नाही त्याचं रिसेट दाबलं जायचं, आणि आम्ही तो 'भिकार' म्हणून मोकळे व्हायचो.

तोच निकाल पुढे इंटरनेटवर मोठ्या आवाजात लागला. जेम्स रॉल्फने २००४ साली अँग्री व्हिडिओ गेम नर्ड या, जुन्या गेमवर चिडून बोलायच्या मालिकेचा पहिला व्हिडिओ केला तो सायमन्स क्वेस्टवरच. त्याची वावटळीबद्दलची चिडचिड रास्तच आहे. रात्र पडली की खेळ थांबतो आणि एक चौकट सावकाश, अक्षर अक्षर करत, रात्र झाल्याचं कळवते, दर वेळी. त्यावरही तो चिडलाय आणि बरोबर चिडलाय. पण त्या व्हिडिओनंतर गेम न खेळताच त्याला शिव्या देणारी एक पिढी तयार झाली, याचं मला वाईट वाटतं.

कारण त्या चौकटीमागची रात्र खरोखर चांगली आहे. अंधार पडला की शत्रूंना दुप्पट फटके लागतात. गावात पोचलास तर दारं बंद, दुकानदार गायब, रस्त्यावर भुतं. त्यामुळे दिवस मावळायला किती वेळ आहे, याचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू होतो. आत्ता पुढच्या गावाकडे निघावं, की इथेच थांबून चाबूक विकत घेऊन मग निघावं? १९८७च्या उड्या मारायच्या गेममध्ये असा विचार करायला लावणं ही लहान गोष्ट नाही. वाड्यांमधल्या फसव्या फरशाही मी माफ करतो. एकदा खाली पडलास की पवित्र पाण्याची बाटली पुढे फेकून चाचपायला शिकतोस. उलट बॉसच्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूंच्या, लढाया अगदीच पुचाट आहेत. ब्राह्म वाड्यात खुद्द मृत्यू उभा आहे, आणि त्याला वळसा घालून निघून जाता येतं. शेवटचा ड्रॅक्युलाही पुचाटच निघतो.

म्हणजे हा गेम अवघड नाहीच, फक्त दुर्बोध आहे. गाइड उघडून बसलास तर दुर्बोधपणा जातो आणि उरते एक सुंदर, उदास पायपीट, फार छान संगीताच्या सोबतीने. मेट्रॉइडचं उलटं. तिथे गाइड उघडलास तर उरतात ते बोळ आणि ते किडे.

याच घरातले आणखी दोघे चटकन सांगून टाकतो. झेल्डा २ (१९८७) मध्येही बागू नावाच्या माणसाला रानातल्या एका न दिसणाऱ्या घरात शोधावं लागतं, पण त्याची खरी अडचण कोडी नसून तलवारबाजी आहे. बोटांत ताकद असेल तर घे. आणि माइलन्स सीक्रेट कॅसल (१९८६) घेऊ नकोस. दारं अदृश्य, विटा अदृश्य, सगळीकडे बुडबुडे मारत भिंती बडवायच्या. शत्रू अंगाला चिकटला की सुटायला क्षणभराचीही उसंत नाही. पुढे चालू ठेवायची सोय आहे, पण तीही लपवलेली. इथे कपाळावर हात दर दोन मिनिटांनी जातो, आणि नेहमी दुसऱ्या कारणासाठी.

तर भाच्याला मी जे सांगितलं तेच. हॉलो नाइटमध्ये वाट चुकायला आवडली असेल, तर मेट्रॉइड घे: वही, पेन्सिल, एम्युलेटरचं सेव्ह, आणि पूर्ण एक तास अडल्याशिवाय गाइड नाही. ते ३० गुण डोक्यात गेले तर सरळ २००४चा मेट्रॉइड: झीरो मिशन खेळ. त्यात नकाशा आहे, वाट दाखवणारे पुतळे आहेत, आणि तो संपवलास की आत मूळ गेमही मिळतो. आठवडाभर दमून आला असशील आणि शनिवारी रात्री नुसतं फिरायचं असेल, तर सायमन्स क्वेस्ट. २०१९च्या कॅसलव्हेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये तो सेव्हच्या सोयीसह आहे, आणि चाहत्यांनी संवाद सुधारून केलेल्या आवृत्त्याही फिरतात. गाइड पहिल्यापासून उघडी ठेव, त्यात लाज नाही.

एकच सांभाळ. दोन्ही गेम शेवट वेळेवरून ठरवतात: मेट्रॉइड किती तासांत संपवलास, सायमन किती दिवसांत. पहिल्या खेपेला तिकडे बघूच नकोस. भाच्याने बघितलं आणि नॉर्फेअरमध्ये घाई करत सुटला. वहीचं चौथं पान त्यानंतर कोरंच आहे.