पत्र्याखाली उसाचं बगॅस: अकरा महिने वापरून झाल्यावर

आमची शिलाईची खोली गच्चीवर आहे. बारा बाय वीस, डोक्यावर पत्रा, आत सहा मशिनी. शाळांचे गणवेश शिवतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे आमची खरी घाई मे महिन्यात, आणि सोलापूरचा मे कसा असतो हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. आदल्या वर्षी दुपारी बारा ते चार मशिनी बंद ठेवून रात्री काम उरकावं लागलं होतं. म्हणून गेल्या फेब्रुवारीत पत्र्याखाली उसाच्या बगॅसचे, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचे, बोर्ड लावून घेतले. आता जानेवारीतली गड्ड्याची जत्रा भरलीय, तिन्ही ऋतू बघून झालेत, तेव्हा लिहितो.

बोर्ड चार बाय दोन फुटांचा, दोन इंच जाड, वजन साडेपाच किलोच्या आसपास. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतं आणि त्यातलं निम्मं पाणीच असतं. कारखाने ते बॉयलरला घालतात. बोर्डवाले ते वाळवतात, आतल्या गाभ्याचा मऊ भुसा चाळून काढतात (तो स्पंजासारखा पाणी पितो आणि ताकद काहीच देत नाही), उरलेल्या लांब धाग्यांना बोरॅक्स लावतात, थोडा गोंद घालतात आणि गरम प्रेसमध्ये दाबतात. दाबतात तेही बेतानं. ऊन अडवते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. जास्त दाबलं तर बोर्ड प्लायसारखा कडक होतो, पण उष्णता जास्त सोडतो. कल्पना नवी नाही. अमेरिकेत लुईझियानात 1920 च्या दशकापासून ‘सेलोटेक्स’ नावाचे बोर्ड उसाच्या चिपाडापासूनच निघत होते.

कागदावर थर्माकोल पुढे आहे. उष्णतावाहकतेचा त्याचा आकडा 0.035 च्या आसपास, या बोर्डाचा 0.045. आकडा जितका लहान तितकं चांगलं. शिवाय मला हे दीडपट महाग पडलं. तरी घेतलं, कारण याच मापाचा थर्माकोल जेमतेम अर्धा किलो भरतो. हा दहापट जड, त्यामुळे स्वतः तापायलाच तास घेतो. आईनं वर येऊन बघितलं आणि म्हणाली, “हे आपलं माळवदच की रे, आतून लावलेलं.” तिच्या माहेरी तुळयांवर काटक्या, पाला आणि वर हातभर पांढरी माती होती. खरंच, उशिरा तापण्याचं तत्त्व तेच.

फरक किती? बाहेर 42 असताना मशिनीजवळचं तापमापक आधी 45-46 दाखवायचं, पंखा वरची गरम हवा खाली ढकलायचा. मे महिन्यात ते 38-39 च्या वर गेलं नाही. गार नाही, पण बसवतं. दुपारची सुट्टी चार तासांवरून एका तासावर आली, आमचे पैसे त्यातच वसूल झाले.

कुणी सांगत नाही ती गोष्ट रात्रीची. नुसता पत्रा दिवस मावळला की भराभर गार होतो. आता खोली रात्री नऊलाही बाहेरपेक्षा गरम असते, कारण बोर्ड उष्णता आत येऊ देत नाही तशी बाहेरही जाऊ देत नाही. संध्याकाळी सहाला दोन्हीकडच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि एक्झॉस्ट लावायचा, हा नेम आम्हाला आठवडाभर घामाघूम होऊन सापडला.

फॅब्रिकेटर बोर्ड थेट पत्र्याला चिकटवायला निघाला होता. ऐकू नका. मध्ये दोन इंच पोकळी ठेवा, वळचणीला आणि माथ्याला ती उघडी ठेवून जाळी मारा. तापलेली हवा माथ्यातून निघून जाते. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो, तोही वाळतो.

आता तक्रारी. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. बोर्ड हुंगला तर काकवीचा वास. बगॅस नीट धुतलेलं नव्हतं, साखर राहिली होती. विक्रेत्यानं “सुरुवातीला असं होतंच” म्हणून हात झटकले. बारीक भुसाही गळायचा, आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर तो पहिला दिसतो. आमच्याकडच्या अक्कांनी उपाय काढला: खालून मांजरपाट ताणून स्टेपल केला आणि त्यावर चुन्याचे दोन हात दिले. भुसा थांबला, मुंग्या गेल्या, खोली उजळली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मात्र पन्हळीकडचे दोन बोर्ड फुगून खाली आले. चूक आमची. पत्र्याच्या स्क्रूंचे रबरी वायसर उन्हानं तडकले होते, ते न बदलताच बोर्ड चढवले. त्या जागी आता लाकडी लोकरीचा सिमेंट बोर्ड आहे, म्हणजे लाकडाच्या लांब कुरळ्या ढलप्या सिमेंटमध्ये धरलेल्या. ऊन निम्मंच अडवतो, पण ओल सोसतो. बाकीच्यांना अजून वाळवी नाही, ते बोरॅक्समुळे असावं.

एक तुकडा गच्चीवर लायटरनं पेटवून बघितला. थर्माकोलसारखा वितळून टपकला नाही, काळा पडून धुमसत राहिला. म्हणून वरची सगळी वायर पाइपातून घेतली आणि इस्त्रीचं टेबल दाराशी नेलं.

पावसाचा ताशा मात्र बंद झाला. आता फोनवर बोलता येतं.

शेजारच्यांनाही त्यांच्या वरच्या खोलीला हेच करायचंय. बोर्डाचा भाव विचारायला आले होते. त्यांना म्हटलं, आधी पत्र्यावर दोन बादल्या पाणी ओता आणि आत उभं राहून बघा.