मात्सुमोतो ते नारिता विमानतळ: बॅग दोन दिवस आधी गेली, मी मागून (काळ्या मांजराच्या कुरिअरचा रिव्ह्यू)

जपानहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय आणलंस आणि बुलेट ट्रेनमध्ये बसलीस का. बसले नाही बाबांनो, मात्सुमोतोला शिंकान्सेन जातच नाही, ती नागानो शहराला जाते. आणि मला खरं सांगायचंय ते एका कुरिअरबद्दल. हसू नका. यामातो कंपनीची ताक्क्युबिन सर्व्हिस, पिवळ्यावर काळी मांजर पिल्लाला तोंडात धरून चाललीय तो लोगोवाली. आपल्याकडे निघताना काळं मांजर आडवं गेलं की आजी परत आत बोलावून पाणी प्यायला लावायची, तिकडे लोक प्रवासाला निघताना मुद्दाम फोन करून काळ्या मांजराला घरी बोलावतात.

थोडं मागचं सांगते म्हणजे मला एवढं काय त्याचं ते कळेल. २०१२ ला मी रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमधून वर्षभर मात्सुमोतोला होते, अकरावीचं वर्ष तिकडेच गेलं. त्या प्रोग्रॅममध्ये एकाच घरी ठेवत नाहीत, मांजर पिल्लाला सात घरं फिरवते म्हणतात ना तसं, मी तीन घरं फिरले. तिन्ही चांगली, पण दुसऱ्या घरची ओकासान (म्हणजे आई) ती ओकासान. तिने मला भाषा शिकवली, खरं तर ओरडून शिकवली, आणि मी वरणभातासाठी रडले तेव्हा कुठूनतरी मसूर पैदा करून त्यात मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) घालून "दाल" केली. भयानक होती. सगळी खाल्ली.

तर २०१३ ला परत येताना माझ्याकडे दोन बॅगा, त्यातली एक पुण्यातल्या एका दुकानातून "लाइफटाइम गॅरंटी" म्हणून घेतलेली, तिचं चाक मात्सुमोतो स्टेशनच्या बाहेरच निखळलं. गाडी अझुसा एक्स्प्रेस, टोकियोतल्या शिंजुकूपर्यंत साधारण दोन तास चाळीस मिनिटं, आणि पुढे शिंजुकूला गाडी बदलायची, जे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणतात. त्या निरोपाचं मला काय आठवतं, तर ओतोसान (त्या घरचे बाबा) बॅग दारातून आत ढकलतायत, मी आतून ओढतेय, मागचे लोक शांतपणे उभे (जपानी लोक शांतपणे उभे राहिले की जास्त लाज वाटते), आणि दार लागलं तेव्हा ओकासानकडे माझी पाठ होती. बस. जिच्या घरी राहिले तिचा शेवटचा चेहरा मी बघितलाच नाही, बॅगेचं हँडल बघत बसले.

म्हणून या वेळी त्यांच्याकडे परत गेले तेव्हा पोचल्याच्या पहिल्याच रात्री ओकासानने जाहीर केलं, बॅग ताक्क्युबिनने जाणार, चर्चा नाही.

आता सर्व्हिसचं. १९७६ ला सुरू झाली, पहिल्या दिवशी फक्त ११ पार्सलं आली होती म्हणे. मात्सुमोतो ज्यात येतं त्या नागानो प्रांताशी तिचं जुनं नातं आहे. हिवाळ्यात बर्फावर स्की करायला येणारे लोक ती लांबलचक सामानं गाड्यांमधून ओढत न्यायचे, ते बघून कंपनीच्या तिथल्या ऑफिसच्या लोकांना सुचलं आणि १९८३ ला स्कीसाठी वेगळी सर्व्हिस निघाली. हे मला ओतोसाननी सांगितलं, ते असलं काही सांगताना जेवण गार होऊ देतात.

विमानतळावर पाठवायची असेल तर फ्लाइटच्या आदल्या दिवशी बॅग तिथे पोचलेली लागते, म्हणून आम्ही निघायच्या दोन दिवस आधी दिली. साइज म्हणजे लांबी रुंदी उंची तिन्हींची बेरीज सेंटिमीटरमध्ये, चाकं हँडल धरून. माझी १६० च्या गटात बसली, त्यात वजन २५ किलोपर्यंत चालतं. पण विमानाला २३ च, त्यामुळे ओतोसाननी बाथरूममधला वजनकाटा आणला, आधी स्वतः चढले, ७१, मग बॅग मिठीत घेऊन चढले, ९३.६, मग कॅलेंडरच्या मागे वजाबाकी केली, २२.६, आणि मला सही करायला लावली. गंमत म्हणून नाही, सिरियसली. पैसे तीन हजार येनच्या आसपास, म्हणजे आपले सतराशे-अठराशे. पासपोर्ट आणि कॅश बॅगेत ठेवायची नाही, ते घेत नाहीत.

ड्रायव्हर घरी येतो. दिलेल्या वेळेत आला, टोपी काढली, माझी बॅग बघून "ओआझुकारी शिमास्" म्हणाला, म्हणजे सांभाळायला घेतो, आणि ती उचलली. ओढली नाही, चाकं असूनही उचलली, दोन्ही हातांनी, बाळंतिणीच्या हातातून बाळ घ्यावं तशी. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला एकदम पोटात कसंतरी झालं, कारण माझं सगळं सामान निघालं होतं आणि मी अजून घरातच होते.

आणि आता तक्रार, जी कंपनीची चूक नाहीच, पण अर्धा स्टार मी त्यासाठीच कापतेय. बॅग दोन दिवस आधी जाते ना, त्या दोन दिवसात आई मोकळी असते! बंद बॅग समोर असली की माणूस म्हणतो झालं आता, जागा नाही. इथे बॅगच नाही, त्यामुळे ओकासानला वाटायला लागलं की जागाच जागा आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी नोझावानाचं लोणचं आलं (तिकडची पालेभाजी, मिठात घातलेली, मला आपल्या मुळ्याच्या पाल्याची आठवण होते). रात्री माझ्या आईसाठी लोकरीचे मोजे. दुसऱ्या दिवशी सकाळी सफरचंदं, ती मी हात जोडून परत ठेवली, ताजी फळं विमानतळावर अडवतात म्हटलं. मग ती फ्रीजसमोर जरा वेळ नुसती उभी राहिली आणि मिसोचा डबा बाहेर काढला. ७५० ग्रॅम. तिकडचाच शिन्शू मिसो, तिच्या वापरातला नाही, नवा, सीलबंद, म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं.

मिसो हँडबॅगेत चालत नाही. पेस्ट म्हणजे सिक्युरिटीच्या लेखी लिक्विडच, १०० मिलीच्या वर गेलं की काढून घेतात. हे मी तिला समजावलं. तिने डोळ्यातली चमक जराही कमी न करता विचारलं, "पण बॅग तुला तिथे आधी परत मिळणार आहे ना?" मिळणार होती. तिला लगेच सुचलेलं मला दहा दिवस सुचलं नव्हतं.

निघायच्या दिवशी माझ्याकडे एक पाठीवरची सॅक. एवढंच. प्लॅटफॉर्मवर गेलो आणि काय करावं तेच कळेना, कारण उचलायला ढकलायला काहीच नाही. ओतोसान तर दोनदा वाकून माझ्या पायाशी बॅग शोधत होते सवयीने. मग ओकासानने माझे दोन्ही हात हातात घेतले. जपानी माणसं असं फारसं करत नाहीत, आणि ती तर बिलकूल नाही, वर्षभरात तिने मला जवळ घेतलेलं दोनदा आठवतंय, त्यात एकदा ताप होता. हात खरखरीत, बोटांना लोणच्याचा वास. गाडी सुटेपर्यंत तशीच उभी. "सायोनारा" कोणी म्हणालं नाही, घरातून निघताना जे म्हणतात तेच म्हटलं, मी "इत्तेकिमास्", जाऊन येते, आणि ती "इत्तेराश्शाई", जाऊन ये. आपण नाही का "जाते" म्हटलं की आई दटावते, "येते म्हण". या वेळी दार लागलं तेव्हा माझं तोंड तिच्याकडे होतं. सगळं बघितलं. नाक लाल, चष्म्यावर वाफ, आणि ओतोसान तिच्या मागे उभे राहून घड्याळ बघतायत, गाडी वेळेवर सुटली का ते.

शिंजुकूला गाडी बदलताना मी अक्षरशः हात हलवत चालले, गर्दीतून, आणि २०१३ ची मी आठवून हसू आलं.

नारिताला टर्मिनल १ च्या चौथ्या मजल्यावर काउंटरवर पावती दाखवली, दोन मिनिटात बॅग समोर. पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर प्लॅस्टिक घातलेलं, मी सांगितलेलंही नव्हतं. मग तिथेच कोपऱ्यात जमिनीवर बसून उघडली, मोजे, लोणचं आणि मिसो कोंबला आणि एक जाड पुस्तक काढून सॅकमध्ये टाकलं. चेक-इनला २३.४. काउंटरवरच्या बाईने आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पट्टा लावला.

मुंबईला पहाटे उतरले, बेल्टवर पाऊण तास, मग पुण्याची शेअर कॅब, बॅग वर कॅरिअरला दोरीने, खोपोलीला चहा. त्यावर काही रिव्ह्यू नाही, जसं असतं तसं.

ज्यांचं तिकडे कोणी आहे त्यांच्यासाठी: फॉर्म घरच्यांना भरू द्या, फ्लाइट नंबर आणि वेळ लागते, आणि बॅग दिल्यावर स्वयंपाकघराला कुलूप लावा. साडेचार स्टार.

घरी आल्यावर आईने मोजे लगेच घातले, पुण्याच्या उकाड्यात. बाबांना ती बॅग पुढच्या आठवड्यात नागपूरला न्यायचीय म्हणून ते हँडलला अडकवलेलं लेबल कात्रीने कापायला निघाले, तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचलं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात ओकासानच्या अक्षरात मात्सुमोतोचा पत्ता, आणि खाली आडनाव त्यांचं, नाव माझं, काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी). बाबांना म्हटलं, नागपूरला दुसरी बॅग न्या.