'अनब्रोकन' की '१९७१'? रविवारी कुठला लावायचा

दादरच्या मामेभावाचा फोन आला, युद्धकैद्यांवरचा एक चांगला पिक्चर सांग, रविवारी बाबांसोबत बघायचाय, आणि यादी देत बसू नको, एकच सांग. माझ्या डोक्यात दोन आले आणि तिथेच घोळ झाला.

'अनब्रोकन' २०१४ चा, अँजेलिना जोलीने दिग्दर्शित केलेला. लुई झांपेरिनी नावाचा अमेरिकन धावपटू, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला जाऊन आलेला, दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये त्याचं लष्करी विमान पॅसिफिकमध्ये पडतं आणि मग ४७ दिवस रबरी तराफ्यावर, पावसाचं पाणी, कच्चा मासा, खाली शार्क, आणि एवढं सोसून गाठ पडते ती जपानी नौदलाशी. मला विचाराल तर तराफ्याचा भागच खरा पिक्चर आहे. भुकेने अर्धमेली झालेली पोरं आईच्या हातच्या जेवणाच्या गप्पा मारतात, तिथे कोणी व्हिलन नाही, फक्त दिवस सरत नाही. पुढे छावणीत वातानाबे हा क्रूर जपानी पहारेकरी येतो (मियावी, मूळचा रॉक गिटारिस्ट, भारी काम केलंय) आणि मार, परत मार, मग अजून मार, अर्ध्या तासाने आपण बधिर होतो. आणि सगळ्यात मोठी खंत म्हणजे घरी परतल्यावर त्या माणसाने जे सोसलं, दारू, वाईट स्वप्नं, ते जवळपास सगळं शेवटच्या पाट्यांवर उरकलंय. अरे तीच तर गोष्ट होती ना!

'१९७१' ची गंमत उलटी आहे. २००७ चा, अमृत सागरचा, मनोज बाजपेयी, रवी किशन, दीपक डोब्रियाल, बजेट कमी आहे ते दिसतं, काही सीन टीव्ही सिरीयलसारखे वाटतात. पण त्यातली कैद जास्त बोचते. साल १९७७, युद्ध संपून सहा वर्षं झालीत, आपण पाकिस्तानचे ९३ हजार कैदी सोडून मोकळे झालोय आणि आपले हे जवान तिथेच कैदेत, बाहेरून पाहणीला येणाऱ्यांपासून लपवलेले. मारापेक्षा आपल्याला कोणी शोधतच नाहीये हे जास्त लागतं. पिक्चरची गोष्ट रचलेली आहे, पण १९७१ च्या युद्धातले ५४ जवान बेपत्ता असल्याचं भारतात सांगितलं जातं आणि पाकिस्तान आमच्याकडे कोणी नाहीच म्हणतं.

पळून जाणं फिल्मी वाटेल म्हणून सांगतो, आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून खरंच निसटले होते, थेट लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द हाकेवर होती आणि तिथे पकडले गेले.

'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' कोणीतरी सुचवेलच, मस्तच आहे, पण तो एका कर्नलच्या हट्टाचा पिक्चर आहे, आज नको.

तर भावाला सांगितलं, बाबा सबटायटल वाचायला कंटाळतात, मामींना रडू आवरत नाही पण गोष्ट हवी असते, '१९७१' लाव. 'अनब्रोकन' रात्री सगळे झोपल्यावर एकटा बघ, पहिला सव्वा तास तरी नक्की, आणि जेवून बस, ताट समोर घेऊन तो तराफा बघवत नाही.