आठ तुकड्यांचा मेंदू : शाळेसाठी घेतलेल्या एका प्रतिकृतीविषयी

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आठ सुट्या तुकड्यांत उघडणारी मानवी मेंदूची प्लास्टिकची प्रतिकृती आम्ही गेल्या जूनमध्ये नांदेडच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून २,६०० रुपयांना घेतली. वर्षभर नववी-दहावीच्या वर्गांत ती हाताळून झाल्यावर हे लिहीत आहे. खोके उघडल्याबरोबर लिहिले असते, तर बहुधा नुसती स्तुतीच झाली असती.

खोक्यावर ‘प्रत्यक्ष आकार’ असे छापले आहे आणि ते खरे आहे. पट्टी लावल्यावर लांबी साडेसोळा सेंटीमीटर भरली, म्हणजे प्रौढ माणसाच्या मेंदूइतकीच. वजनाचे मात्र तसे नाही. खरा मेंदू १,३०० ते १,४०० ग्रॅमचा असतो आणि ही आतून पोकळ असलेली वस्तू आमच्या तराजूवर ६४० ग्रॅम भरली. म्हणून मी एका पिशवीत १,३५० ग्रॅम ज्वारी मोजून घेतली आणि प्रत्येकाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात प्रतिकृती दिली. एवढे ओझे डोक्यात जाणवत का नाही, हा प्रश्न मग आपोआपच आला. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो, हे सांगताना फार कष्ट पडले नाहीत, कारण भरलेली घागर विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर हाताला काचतो, हे आमच्या मुलांना पुस्तकाआधी ठाऊक असते.

या संचातील सर्वांत उत्तम तुकडा अनुमस्तिष्काचा, म्हणजे मागे खालच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचा आहे. तो मधोमध उघडला की आतल्या पांढऱ्या भागाच्या फांद्या झाडासारख्या पसरलेल्या दिसतात. फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यावर जसे दिसते, अगदी तसेच, आणि कारागिराने हे काम मनापासून केले आहे. वजनाने हा भाग मेंदूच्या साधारण एक दशांश असला, तरी मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास पेशी एकट्या त्याच्यात असतात, हे सांगितल्यावर मुले त्या मुठीएवढ्या तुकड्याकडे जरा आदराने पाहू लागतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन बांधावरून चालणारी बाई हात न लावता तोल सांभाळते, त्यामागे हाच भाग असतो. तुकडा हातात देऊन मी मुलांना डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावायला सांगतो. अनुमस्तिष्काला इजा झाली असेल तर बोट थरथरत भलतीकडे जाते, आणि डॉक्टरही तपासणीत हेच करून पाहतात.

मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या बाबतीत उत्पादकाने कंजूषपणा केला आहे. मध्यमस्तिष्क, सेतू आणि मस्तिष्कपुच्छ हे तिन्ही भाग एकाच तुकड्यात, एकाच पिवळ्या रंगात ओतलेले आहेत. आमच्या पाठ्यपुस्तकात श्वसन आणि हृदयाच्या ठोक्यांवर नियंत्रण ठेवणारा म्हणून ज्याचा उल्लेख येतो, ते मस्तिष्कपुच्छ म्हणजे या देठाचा अगदी खालचा भाग. पण प्रतिकृती पाहून निम्म्या वर्गाने आख्खा देठच मस्तिष्कपुच्छ म्हणून वहीत काढला. शेवटी मी काळ्या मार्करने दोन रेघा ओढून तिन्ही भाग वेगळे केले.

रंगांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कपाळामागचा ललाट खंड निळा, कानाजवळचा शंखखंड हिरवा, डोक्याच्या मागचा पश्चकपाल खंड जांभळा, अशी रंगसंगती ओळख पटायला सोयीची असली तरी तिच्यामुळे मुलांच्या मनात हद्दी फार पक्क्या होतात, जणू गटनंबरचा नकाशाच. मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदू पाहिला आहे. तो सगळा एकाच करड्या-तपकिरी रंगाचा होता आणि कुठला खंड कुठे संपतो, हे खाचा शोधून ठरवावे लागत होते. यावर उपाय म्हणून मी खाटकाकडून बोकडाचा ताजा मेंदू आणून प्रतिकृतीशेजारी ताटात ठेवला. तो बोटाने दाबला तरी लोण्यासारखा दबतो, हे पाहून वर्ग गप्प झाला. बोकडाचे अनुमस्तिष्क प्रमस्तिष्काच्या, म्हणजे वरच्या मोठ्या मेंदूच्या मागे असते आणि माणसाचे त्याच्या खाली झाकले गेलेले असते, हा फरकही दोन्ही शेजारी असल्यामुळेच मुलींनी स्वतःहून टिपला.

आता मुख्य दोषाकडे येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या एका मुलाने विचारले, “सर, आज्जीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, मग वाचा बी का गेली? जीभ तर धड हाय.” असा प्रश्न वर्गात क्वचितच येतो. मी प्रतिकृतीचा डावा अर्धा भाग काढून त्याच्या हातात दिला, ललाट खंडाच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यातले १४ क्रमांकाचे क्षेत्र दाखवले आणि १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने तपासलेल्या रुग्णाची हकीकत सांगितली. त्या रुग्णाला समोरच्याचे बोलणे समजत असे, पण तोंडातून ‘टॅन’ एवढाच उच्चार निघे, आणि मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या याच भागात इजा आढळली. शब्द जुळवून उच्चारण्याचे काम बहुतेक माणसांत डाव्या बाजूचे हे क्षेत्र करते, आणि उजव्या हातापायांच्या हालचाली घडवणारा पट्टा त्याला लागूनच असतो. म्हणून डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला की दोन्ही गोष्टी एकदम जाऊ शकतात, जीभ धड असली तरीही.

इतके समजावून होते न होते तोच त्याच्या बाकावरच्या मुलीने उजवा अर्धा उचलला आणि म्हणाली, “सर, इकडं बी चौदाच आहे.” खरोखरच होते. उत्पादकाने डाव्या बाजूची चिठ्ठी जशीच्या तशी उलटवून उजव्या बाजूलाही चिकटवली आहे आणि सोबतच्या इंग्रजी तक्त्यात १४ म्हणजे वाचाक्षेत्र एवढेच, बाजूचा उल्लेख न करता, छापले आहे. उजवीकडे त्या जागी मेंदूचा भाग असतोच, पण त्याला सरसकट वाचाक्षेत्र म्हणता येत नाही. पोराच्या प्रश्नाचे सगळे उत्तर ज्या भेदावर उभे होते, नेमका तोच भेद या वस्तूने पुसून टाकला होता. दुकानदारांना फोन केला तेव्हा “सर, आजवर कुणाची तक्रार आली नाही, कंपनीला कळवतो,” असे उत्तर मिळाले, आणि त्यानंतर काहीच मिळाले नाही. आता उजव्या बाजूच्या चौदावर इलेक्ट्रिशियनची पांढरी पट्टी आहे.

डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या हाताला कसा पोहोचतो, हेही प्रतिकृती दाखवत नाही. हे तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या टोकाशी येऊन बहुतांश एकमेकांना ओलांडतात. तिथे निदान एक फुली तरी कोरता आली असती. मी तांबडी आणि पांढरी लोकर दोन्ही अर्धांना चिकटवून, खाली तिढा घालून, पलीकडे सोडली आहे. पाच रुपयांच्या या लोकरीने जे साधले, ते तक्त्याने साधले नाही. आठवणी साठवण्याशी ज्याचा निकटचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पसही संचात नाही. तो शंखखंडाच्या आत असतो, आणि शंखखंड उघडतच नसल्यामुळे आतले काही दिसत नाही.

टिकाऊपणा बेताचाच आहे. तुकडे जोडणाऱ्या पिनांपैकी दोन हरवल्या, हा दोष आमचा. पण आमची प्रयोगशाळा पत्र्याची आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर गेल्यावर प्लास्टिक मऊ पडून दोन्ही अर्ध किंचित वाकले, ते आता मध्ये बोटभर नसली तरी पेन्सिलभर फट ठेवूनच बसतात. तेव्हापासून प्रतिकृतीचा मुक्काम मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात आहे.

तरीही भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा ही वस्तू कितीतरी बरी, कारण मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा महासंयोजक पिंड त्यांच्या मध्ये बसतो म्हणजे नेमका कुठे, किंवा वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकाखाली कशी लोंबते, हे सपाट चित्रातून कधीच कळत नाही. २,६०० रुपयांत शाळांनी ती घ्यायला हरकत नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानातच उजवा अर्धा उघडून त्यावर १४ क्रमांक आहे का, तेवढे पाहून घ्यावे.