आयआरएसच्या फुकट साधनांवर फेडरल करबदलांचा माग: काही महिन्यांच्या वापरानंतर

४ जुलै २०२५ ला पब्लिक लॉ ११९-२१ वर, म्हणजे ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ नावाने गाजलेल्या कायद्यावर, सही झाली आणि फेडरल कराचे बरेच नियम बदलले. तेव्हापासून अमेरिकेत पगारावर असणारा आणि चार-दहा माणसं ठेवून दुकान, रेस्टॉरंट किंवा कन्सल्टन्सी चालवणारा, दोघांनाही बदलांचा माग ठेवणं भाग पडलं आहे. हा अनुभव आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या फेडरल कर खात्याच्या, फुकट साधनांचा आहे: ई-मेल याद्या, मसुदा फॉर्मचं पान, विदहोल्डिंग एस्टिमेटर (पगारातून किती कर कापला जावा याचा अंदाज देणारं साधन) आणि ऑनलाइन अकाउंट. निकाल आधीच सांगायचा तर, बहुतेकांना पैसे मोजून न्यूजलेटर घ्यायची गरज नाही. मात्र एकट्या आयआरएसच्या भरवशावर राहिलात तर दोन-तीन महत्त्वाचे आकडे हातून निसटतात.

कोणताही बदल वाचताना दोन गोष्टी आधी शोधायच्या: तो कोणत्या वर्षी दिलेल्या पैशाला लागू आहे, आणि कोणत्या फॉर्मच्या कोणत्या रकान्यात उतरतो. उदाहरणार्थ १०९९-एनईसी. कंत्राटी माणसाला किती रक्कम दिली की हा फॉर्म भरावा लागतो, ती मर्यादा ६०० डॉलरवरून २,००० झाली, एवढं सगळ्यांनी वाचलं. पण ती २०२६ मध्ये दिलेल्या पैशांसाठी आहे, म्हणजे जानेवारी २०२७ मध्ये भरायच्या फॉर्मवर. २०२५ मध्ये कुणाला ९०० डॉलर दिले असतील तर त्याला जुनाच नियम. शिवाय ज्याला पैसे मिळाले त्याचा कर माफ झालेला नाही; फॉर्म आला नाही तरी उत्पन्न दाखवायचंच आहे. साधनांना गुण देताना हीच कसोटी लावली आहे.

ई-मेल याद्यांपासून सुरुवात करू. आयआरएसच्या साइटवर सबस्क्रिप्शनचं पान आहे, तिथे वेगवेगळ्या याद्यांवर खूण करता येते. टॅक्स टिप्स ही यादी नवख्यांसाठी ठीक आहे, पण तिच्यात नवं फार कमी आणि तेच ते जास्त. न्यूजवायरमध्ये प्रसिद्धिपत्रकं येतात: काय बदललं ते कळतं, कुणाला आणि कधीपासून ते अनेकदा शेवटच्या परिच्छेदात लपलेलं असतं. सगळ्यात उपयोगी गाईडवायर. नोटीस, रेव्हेन्यू प्रोसिजर वगैरे अधिकृत कागद साप्ताहिक बुलेटिनमध्ये छापण्याआधीच तिथून पीडीएफ म्हणून मिळतात. भाषा रुक्ष असते, पण ‘इफेक्टिव्ह डेट’चा परिच्छेद थेट उघडला की कामाचं हाती लागतं. माणसं कामावर असतील तर पेरोल प्रोफेशनल्ससाठीची ई-न्यूजही घ्याच. याद्या सगळ्या घेऊ नका. आठवड्याभरात इतका ढीग होतो की कामाचा मेल त्यात बुडतो.

साइटवरचे ‘एफएक्यू’ आणि नोटीस यांत फरक आहे, तोही ध्यानात असू द्या. बुलेटिनमध्ये न छापलेल्या प्रश्नोत्तरांना कायद्याचं बळ नसतं. प्रामाणिकपणे त्यांवर विसंबून राहिलात तर दंडातून सुटायला मदत होते, पण कर चुकला असेल तर तो भरावाच लागतो. ही उत्तरं मधूनच बदलतातही, म्हणून ज्या उत्तरावर निर्णय घेतला त्याची तारखेसह पीडीएफ काढून ठेवायची.

मेलपेक्षाही भरवशाची एक जागा आहे, आणि तिच्याकडे फार कुणी वळत नाही. प्रत्येक फॉर्मचं ‘अबाउट’ पान असतं आणि त्यात ‘रीसेंट डेव्हलपमेंट्स’ असा भाग असतो. सूचनापुस्तिका छापून झाल्यावर केलेल्या दुरुस्त्या तिथे लागतात. जोडीला मसुदा फॉर्मचं वेगळं पान. मसुद्यावर ‘भरू नका’ असा ठळक शिक्का असतो, तरी पुढे काय येणार ते त्यातून महिनोन्‌महिने आधी कळतं. मालक कर्मचाऱ्याला वर्षभराचा पगार आणि कापलेला कर ज्यावर कळवतो त्या डब्ल्यू-२ फॉर्मचा २०२६ चा मसुदा २०२५ च्या उन्हाळ्यातच आला. चौकट १२ मध्ये टिपसाठी ‘टीपी’ आणि ओव्हरटाइमसाठी ‘टीटी’ हे नवे कोड येणार आणि चौकट १४ चे दोन भाग होऊन १४-बी मध्ये टिप मिळणाऱ्या व्यवसायाचा कोड जाणार, हे त्यावरून तेव्हाच दिसत होतं. ज्यांनी तेव्हा पेरोलवाल्याला विचारलं त्यांचे रकाने १ जानेवारी २०२६ पासून वेगळे चालू झाले. बाकीच्यांना वर्षअखेरीला जुनी टाइमशीट्स चाळावी लागतील.

ओव्हरटाइमबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत, म्हणून थोडं खोलात जाऊ. ‘ओव्हरटाइमवर कर नाही’ हे वाक्य चुकीचं आहे. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ही उत्पन्नातून मिळणारी वजावट आहे: एकट्याला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर, जोडप्याला एकत्रित रिटर्नवर २५,०००. एकट्याचं उत्पन्न १,५०,००० आणि जोडप्याचं ३,००,००० च्या वर गेलं की दर हजारामागे १०० डॉलरने ती घटते. वजावट मिळते ती फक्त वरच्या अर्ध्या दराची. तासाला ३० डॉलर पगार असेल आणि आठवड्यात १० तास जास्त काम केलं, तर दीडपटीने ४५० डॉलर मिळतात. वजावटीला पात्र फक्त १५०. आणि हा जादा दर फेडरल श्रमकायद्याने, म्हणजे आठवड्यात ४० तासांच्या वरच्या कामासाठी, द्यावा लागणारा असायला हवा. कॅलिफोर्नियात दिवसात ८ तासांच्या वर गेलं की ओव्हरटाइम लागतो. पण आठवड्याची बेरीज ४० च्या आत असेल तर तो पैसा या वजावटीत बसत नाही. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरटाइम’ हा एकच कोड असेल तर दोन्ही एकत्र मोजले जातात आणि ‘टीटी’चा आकडा फुगतो. त्यासाठी दोन वेगळे अर्निंग कोड करून घ्यावे लागतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मात्र सगळ्या रकमेवर कापायचंच.

२०२५ च्या डब्ल्यू-२ वर हे कोड नव्हते. नोटीस २०२५-६२ ने मालकांना त्या एका वर्षापुरती दंडातून सूट दिली आणि नोटीस २०२५-६९ ने कर्मचाऱ्यांना आकडा स्वतः कसा काढायचा ते सांगितलं. वजावट रिटर्नला जोडायच्या शेड्यूल १-ए वर घ्यायची असते. २०२६ साठी अशी सवलत गृहीत धरून बसू नये.

आता विदहोल्डिंग एस्टिमेटर. साधन म्हणून चांगलं आहे: नाव, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) काही मागत नाही, वीसेक मिनिटांत उत्तर देतं आणि भरलेला डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते मालकाला कळवणारा फॉर्म, हातात ठेवतं. हाताशी नवरा-बायको दोघांचे ताजे पे-स्टब आणि मागचं रिटर्न हवं. गडबड बहुधा इथे होते: ४०१(के) या निवृत्ती-बचतीचे आणि आरोग्यविम्याचे पैसे आधीच वजा झालेला करपात्र पगार कोणता आणि मूळ पगार कोणता, हे न बघता आकडा टाकला जातो. किंवा एच-४ ईएडीवर (एच-४ व्हिसावर मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) काम करणाऱ्या जोडीदाराचा पगार टाकायचाच राहतो. माहिती साठवली जात नसल्याने शेवटचं पान छापून ठेवावं लागतं.

आपल्या आयटीतल्या मंडळींचा मोठा खड्डा आरएसयूचा, म्हणजे कंपनीकडून मोबदल्यात टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या शेअरचा. शेअर मिळतात तेव्हा कंपनी सहसा सप्लिमेंटल दराने, म्हणजे सपाट २२ टक्के कापते. वर्षात दहा लाख डॉलरच्या पुढे गेलात तरच ३७. ८०,००० डॉलरचे शेअर आले आणि तुम्ही ३२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कापले १७,६०० आणि देणं २५,६००. आठ हजारांची ही तूट एप्रिलमध्ये समोर येते. पुढच्या आरएसयूची रक्कम वर्षाच्या अंदाजात स्वतः धरली तरच एस्टिमेटर ही तूट दाखवतो. ती भरून काढायचा सोपा रस्ता डब्ल्यू-४ च्या ४(सी) ओळीत जादा रक्कम लिहिणं. पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा भरला असं धरलं जातं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये केलेली दुरुस्तीही चालते. एस्टिमेटेड टॅक्सच्या हप्त्यांना ही मुभा नाही, तिथे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या तारखा पाळाव्या लागतात. दंड टाळायला चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षीच्या कराच्या १०० टक्के पुरतात. मागच्या वर्षी समायोजित उत्पन्न १,५०,००० च्या वर असेल तर ११०.

एस्टिमेटरबद्दल खरी तक्रार पुढची आहे. तो उरलेल्या पगारांत तूट वाटतो. सप्टेंबरमध्ये ८ पगार उरले असताना ४,००० ची तूट असेल तर प्रत्येक पगारातून ५०० कापा म्हणेल. तो डब्ल्यू-४ जानेवारीत तसाच राहिला, तर वर्षाच्या २६ पगारांत १३,००० डॉलर जास्तीचे जातात. जानेवारीत नवा डब्ल्यू-४ द्या, हे त्याने ओरडून सांगायला हवं. २०२६ चा डब्ल्यू-४ तसाही नव्याने बघण्याजोगा आहे: १७ वर्षांखालच्या पात्र मुलामागे २,२०० चं क्रेडिट (करातली थेट सूट), आणि ४(बी) च्या वर्कशीटमध्ये टिप, ओव्हरटाइम, वाहनकर्जाचं व्याज आणि ६५ वर्षं किंवा त्यापुढच्यांची ६,००० ची वजावट. एच-४ वरच्या मुलाकडे एसएसएन नसून आयटीआयएन (एसएसएन मिळू न शकणाऱ्यांना दिला जाणारा कर क्रमांक) असेल तर २,२०० मिळत नाहीत, ५०० चं दुसरं क्रेडिट मिळू शकतं. आणि करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी) असणाऱ्यांनी, म्हणजे एफ-१ वरच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी, हा एस्टिमेटर वापरूच नये. त्यांचं रिटर्न १०४०-एनआर, आणि भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन त्यात हाताने धरावी लागते. त्यांनी परदेशी नागरिकांच्या करावरची आयआरएसची पुस्तिका, पब्लिकेशन ५१९, वाचलेली बरी.

ऑनलाइन अकाउंट वर्षातून चार-पाचदा उघडायची गोष्ट आहे. आयडी.मी वर ओळख पटवायला फोटो-ओळखपत्र आणि सेल्फी लागते. पत्त्यात किंवा नावात फरक असेल तर इथेच अडतं. भरलेले हप्ते, ट्रान्सक्रिप्ट, आलेल्या नोटिसा सगळं दिसतं. घरी पत्र आलं आणि ते खरं की खोटं याची शंका असेल तर आधी इथे बघायचं. मेलमधल्या लिंकवरून कधीही पैसे भरायचे नाहीत. १७ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींना ईएफटीपीएस या कर ऑनलाइन भरायच्या सरकारी व्यवस्थेत नवी नोंदणी करता येत नाही, त्यामुळे बँक खात्यातून हप्ते भरायलाही हे अकाउंट किंवा आयआरएसचं डायरेक्ट पे हेच मुख्य रस्ते राहिले.

मालकांसाठी ही साधनं जिथे कमी पडतात तो भाग आता. सोशल सिक्युरिटीची पगारमर्यादा आयआरएस ठरवत नाही. सोशल सिक्युरिटी प्रशासन ती ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर करतं. २०२५ मध्ये १,७६,१०० होती, २०२६ साठी १,८४,५०० झाली. म्हणजे वरच्या पगाराच्या प्रत्येक माणसामागे कर्मचाऱ्याचे ५२०.८० आणि मालकाचेही तेवढेच जास्त. फ्युटाचं, म्हणजे मालकाने भरायच्या फेडरल बेरोजगारी कराचं, गणित कामगार खात्याच्या हातात. एरवी पहिल्या ७,००० डॉलरवर ०.६ टक्के, म्हणजे माणशी ४२ डॉलर. पण राज्याने बेरोजगारी निधीसाठी घेतलेलं फेडरल कर्ज फेडलं नसेल तर दरवर्षी ०.३ टक्क्यांची भर पडत जाते. कॅलिफोर्नियात २०२५ साठी ती १.२ टक्के झाली, म्हणून माणशी १२६ डॉलर. हे नोव्हेंबरमध्ये नक्की होतं आणि पैसे जानेवारीअखेर द्यायचे असतात. ज्यांनी कामगार खात्याचं पान पाहिलं नाही त्यांना फ्युटाचा फॉर्म ९४० भरतानाच धक्का बसतो.

पेरोल कराच्या डिपॉझिटचं वेळापत्रकही दर डिसेंबरला मालकानेच तपासायचं. २०२६ साठी जुलै २०२४ ते जून २०२५ या काळातला फॉर्म ९४१ वरचा (पेरोल कराच्या तिमाही रिटर्नवरचा) एकूण कर बघा: ५०,००० किंवा त्याहून कमी असेल तर महिन्याचं डिपॉझिट पुढच्या १५ तारखेपर्यंत, जास्त असेल तर आठवड्यातून दोनदाचं वेळापत्रक. कुठल्याही दिवशी १,००,००० साचले तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशीच. बोनसच्या महिन्यात हा शेवटचा नियम हमखास विसरला जातो, आणि उशिराचा दंड २ टक्क्यांपासून सुरू होऊन १५ पर्यंत चढतो.

४०१(के) मध्ये २०२६ पासून आणखी एक: मागच्या वर्षी त्याच मालकाकडून सोशल सिक्युरिटीपात्र पगार १,५०,००० च्या वर असलेल्या पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्याला कॅच-अप, म्हणजे वयामुळे नेहमीच्या मर्यादेवर टाकता येणारी जादा बचत, फक्त रॉथमध्येच, म्हणजे कर भरून झालेल्या पैशांतूनच, टाकता येतो. प्लॅनमध्ये रॉथ नसेल तर त्याला कॅच-अपच करता येत नाही, तेव्हा प्लॅनवाल्याला आधी विचारा.

भारतात पैसे पाठवण्यावरच्या कराबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर अजून ५ टक्के आणि ३.५ टक्के फिरतं आहे. दोन्ही आकडे खरेच होते, पण याच कायद्याच्या विधेयकाच्या (एच.आर. १) आधीच्या मसुद्यांतले. कायद्यात आला तो १ टक्का, १ जानेवारी २०२६ पासून, आणि तोही रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर. अमेरिकन बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलेल्यावर नाही. अशा वेळी काँग्रेसच्या साइटवर एच.आर. १ उघडायचं, आणि ‘रिपोर्टेड’ किंवा ‘एन्ग्रॉस्ड’ नव्हे, ‘पब्लिक लॉ’ लिहिलेली आवृत्ती निवडून त्यात ‘रेमिटन्स’ शोधायचं.