बिलात ‘लायनर’, इंजिनात लायनरच नाही

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागेतला तीन सिलिंडरचा, १८ एचपीचा जुना छोटा ट्रॅक्टर. ऑगस्टमध्ये इंजिनाच्या कामाला गॅरेजला गेला आणि फळछाटणीच्या तोंडावर नवा रंग लेवून परत आला. बिलात एक ओळ होती : ‘लायनर-पिस्टन किट, ३ नग’. फवारणीच्या ब्लोअरवर साठ-सत्तर तास झाले नाहीत तोच इंजिन ऑइल खायला लागलं, ब्रीदरमधून धूर येऊ लागला आणि भर फवारणीत खालून ठोका सुरू झाला. दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन खोललं तेव्हा कळलं की या इंजिनात लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायची बदलता येणारी नळी, मुळातच नसतो.

जपानी धाटणीच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. तो झिजला की बोअरिंग मशीनवर बोअर (सिलिंडरचं भोक) वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन घालायचा, आणि त्यापुढे गेला तर आत स्लीव्ह (पातळ नळी) ठोकायची. मोठ्या ट्रॅक्टरच्या कामात ‘लायनर-पिस्टन किट’ हा शब्द इतका अंगवळणी पडलेला आहे की बिल वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. म्हणून इंजिन गॅरेजला देण्याआधी आपल्या मॉडेलचं पार्ट्स बुक मिळवा आणि लायनर आहे की नाही, क्रँक घासून बारीक केला तर किती अंडरसाइजपर्यंत बेअरिंग मिळतात, हेड गॅस्केट किती जाडीची, एवढं तरी बघून ठेवा. ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ या शब्दांवर सौदा करू नका. कुणी हाफमध्ये बेअरिंग धरतो, कुणी धरत नाही, आणि वाद झाला की दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात.

आता त्या इंजिनात काय निघालं ते नीट सांगतो, कारण याच गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात.

पिस्टन जुनेच होते. कार्बन खरवडून, घासून चकचकीत केलेले. ओळखायला सोपं आहे : नव्या पिस्टनच्या स्कर्टवर मशीनच्या बारीक रेषा किंवा काळसर लेप असतो. इथे स्कर्टला उभे ओरखडे होते आणि वरच्या रिंगची खाच इतकी रुंदावली होती की नवी रिंग त्यात वरखाली हलत होती. तराजूवर ठेवले तर एक पिस्टन बाकी दोघांपेक्षा १४ ग्रॅम जड. म्हणजे तो कधीतरी वेगळ्याच सेटमधून आलेला. एका इंजिनातले पिस्टन पाचेक ग्रॅमच्या आत असायला हवेत; किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही ही तपासणी होते.

रिंगा मात्र नव्या होत्या, आणि नुकसान तिथेच झालं. झिजलेल्या बोअरमध्ये वरच्या टोकाला, जिथवर रिंग पोचत नाही तिथे, कडा उरते. बोटाच्या नखाला ती लागते. नवी रिंग चौकोनी धारेची असते. ती या कडेवर आपटते आणि रिंग तरी तुटते नाही तर दोन खाचांमधला पिस्टनचा भाग तडकतो. शिवाय आरशासारख्या गुळगुळीत बोअरवर नवी रिंग बसतच नाही. होनिंगने बोअरवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा पाडाव्या लागतात, ऑइल त्या रेषांत टिकतं. इथे हाताने पॉलिश पेपर मारलेला होता, रेषा उभ्या आणि वेड्यावाकड्या. रिंग बोअरमध्ये सरळ सरकवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) तिच्या तोंडातली फट मोजली : १.१ मिमी. या आकाराच्या बोअरला नव्या रिंगेची फट साधारण ०.२ ते ०.४ मिमी असते. ही मोजणी पाच मिनिटांची आहे आणि फीलर गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दुसरं काही जमलं नाही तरी ही एक करा.

सगळ्यात वाईट काम क्रँकवर होतं. बिलात ‘क्रँक ग्राइंडिंग’ आणि बेअरिंग सेट. प्रत्यक्षात क्रँक ग्राइंडिंग मशीनवर चढलाच नव्हता. बेअरिंगच्या पाकळीच्या (अर्धगोल तुकड्याच्या) पाठीवर साइज कोरलेली असते : एसटीडी (मूळ माप), ०२५, ०५०. ग्राइंडिंग झालं असेल तर एसटीडी असूच शकत नाही. इथे तिन्ही बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) पाकळ्या एसटीडी होत्या, आणि मधल्या सिलिंडरची पाकळी काढली तर तिच्या मागे सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची दुमडलेली पट्टी. ढिली जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) घट्ट वाटावी म्हणून घातलेली. कागदामुळे पाकळीची उष्णता रॉडकडे जात नाही, पाकळी एका जागी उचलली जाते आणि तिथली ऑइलची फिल्म तुटते. पांढरा धातू वितळून जर्नलला चिकटला होता. शेजारच्या रॉडच्या कॅपला तर कानस मारलेली. जोडाच्या पृष्ठभागावर मशीनच्या सरळ रेषांऐवजी आडवे खरवडे दिसत होते. कॅप घासली की भोक अंडाकृती होतं आणि तो रॉड पुन्हा नीट बसवायला मशीन शॉपशिवाय इलाज नाही. म्हणजे जो क्रँक ०.२५ मध्ये सुटला असता तो आता ०.५० ला गेला, आणि वर एका रॉडचंही काम वाढलं.

मग एवढं असूनही ट्रॅक्टर गॅरेजातून चांगला कसा निघाला? ऑइल पॅनमधून १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या इंजिन ऑइलऐवजी काकवीसारखं दाट ऑइल निघालं, गिअर ऑइल मिसळलेलं. दाट ऑइल ठोका दाबतं, प्रेशर दाखवतं, महिनाभर धूरही कमी करतं. आणि थंडीत, इंजिनाच्या कोरड्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. गरम इंजिनाची डिपस्टिक काढा. ऑइल पाण्यासारखं चटकन ओघळायला हवं, थेंब लोंबत राहिला तर ऑइल बदलून मगच पुढची टेस्ट घ्या. दुसरी चलाखी ऑइलच्या लाल दिव्याची. चावी ऑन केल्यावर इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. सुरू झाल्यावर बरोबर चार्जिंगच्या दिव्यासोबतच विझत असेल तर दोन्ही वायरी एकत्र जोडल्याची शंका घ्या. प्रेशर स्विच काढून त्या जागी साधं गेज लावणं हाच खरा उपाय. इंजिन पुरतं गरम झाल्यावर आयडलला आणि पूर्ण आरपीएमला किती किलो (प्रति चौरस सेंमी) प्रेशर येतं ते मॅन्युअलशी ताडून बघा.

हेडचं काम तुलनेने बरं होतं, फक्त फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करताना थोडा धातू काढूनही, गॅस्केट मात्र आधीच्याच जाडीची घातलेली.

काम देताना काय करायचं, ते आता. गॅरेजमध्ये इंजिन खोलायच्या वेळी हजर राहा आणि प्रत्येक जुन्या भागावर खूण करा : पिस्टनच्या आतल्या बाजूला सेंटर पंचचा बारीक ठिपका, पाकळ्यांच्या पाठीवर टोकदार सळईने रेघ. खुणांचे फोटो. खुणेचे भाग नंतर जुन्या सामानाच्या पोत्यात सापडले पाहिजेत, आणि ते पोतं घरी आणायचं, हे आधीच कागदावर लिहून घ्या. जो मिस्त्री जुने भाग द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून इंजिन परत उचला, मग छाटणी आठवड्यावर आलेली का असेना. बोअरिंग आणि ग्राइंडिंग गॅरेजवाला स्वतः करत नाही, लेथवाल्याकडे पाठवतो. तेव्हा लेथवाल्याची पावती वेगळी मागा, त्यावर ‘बोअर ०.५०, क्रँक ०.२५’ असे आकडे हवेत. पिस्टनच्या डोक्यावर आणि पाकळीच्या पाठीवर तेच आकडे वाचता आले पाहिजेत. तीन ठिकाणचे आकडे जुळले की फसवायला फार जागा उरत नाही.

दुसऱ्यांदा जायचं ते क्रँक ब्लॉकमध्ये बसवताना. मेन कॅप टॉर्क रेंचने आवळल्यावर क्रँक हाताने एकसारखा फिरला पाहिजे, कुठे अडकता कामा नये. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने मोजता येते : मेणासारखा बारीक धागा जर्नलवर ठेवायचा, कॅप पूर्ण आवळायची, क्रँक न फिरवता परत उघडायची आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसला तर जर्नल निमुळती झाली आहे. मिस्त्रीला याची सवय नसेल तर तो हसेल, हसू द्या.

तिसऱ्यांदा हेड बसवताना. हेडच्या पृष्ठभागावर पोलादी सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून ०.०५ मिमीची पाती जाते का बघा. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळायचे.

काम झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. प्रीचेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या) छोट्या डिझेल इंजिनात ग्लो प्लगच्या भोकातून अॅडॉप्टर बसतो. चांगल्या इंजिनाला साधारण २८ ते ३२ किलो येतं; त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. पहिल्या पन्नास तासांत पूर्ण लोडचा रोटाव्हेटर नको आणि तासन् तास आयडलही नको, कारण हलक्या लोडवर रिंगा बसत नाहीत. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

जे तयार ‘रिस्टोअर’ केलेला ट्रॅक्टर विकत घेतात त्यांच्यासाठी थोडक्यात. न कळवता सकाळी लवकर जा आणि आधी सायलेन्सरला हात लावा. गरम असेल तर थंड स्टार्ट तुमच्यापासून लपवलाय. ऑइल भरायचं झाकण सैल करून चालू इंजिनावर ठेवा, ते उडू लागलं तर रिंगा गेल्या. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने समोरची क्रँक पुली बघायची : ती पुढे सरकताना डोळ्याला दिसली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर संपलेत. ब्लॉकवरचा रंग नखाने, नाण्याने जागोजागी खरवडा; खाली एम-सील लागलं तर ब्लॉकला चीर आहे. हेडच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणाच नसतील तर ‘इंजिन केलंय’ हे बोलणंच खोटं. तासांचं मीटर बदलता येतं, पण ब्रेक-क्लचच्या पेडलची झीज आणि थ्री पॉइंट लिंकेजची ढिली भोकं बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. चेसिस नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि नावावर करायला फॉर्म २९ व ३०, सह्यांसकट, पैसे देण्याआधी हातात हवेत.

आणि फसवणूक झालीच असेल तर घाईघाईने इंजिन खोलू नका. आधी गॅरेजला स्पीड पोस्टाने लेखी कळवा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहोत, हजर राहा. नाही तर ‘तुम्हीच दुसऱ्याकडे नेऊन बिघडवलं’ एवढं एक वाक्य तुमची बाजू कापतं. उघडताना व्हिडिओ, आणि मोजमाप करणाऱ्या त्रयस्थ मिस्त्रीकडून आकड्यांसह लेखी अहवाल घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी ग्राहकच असतो, त्यामुळे ‘हे व्यावसायिक वाहन आहे’ या उत्तराने मागे फिरू नका. जीएसटीचं पक्कं बिल असेल तर केस उभी राहते, कोऱ्या कागदावरच्या हिशोबावर फार कष्ट पडतात.

ऑइल फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उलगडा, त्यात अडकलेले चकाकणारे कण तसेच राहू देत, आणि काढलेल्या ऑइलची अर्धा लिटरची बाटली भरून दोन्हींवर तारीख व तासांचं रीडिंग लिहून ठेवा.